सात मात्रा मोजल्या म्हणजे नावीन्य सापडलं असं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मेटल ऐकणाऱ्या मंडळींना मनापासून सांगतो. प्रोग्रेसिव्ह मेटलचा, म्हणजे विषम ताल आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या मेटलचा, नवा अल्बम आला की दोनच शेरे पडतात: 'ड्रीम थिएटर बँडची नक्कल' किंवा 'सातमध्ये वाजवलंय, जबरदस्त'. मधल्या दर्जाच्या अल्बमवर दोन्हींनी अन्यायच होतो. गिटार आणि कीबोर्डची एकसुरातली धाव ड्रीम थिएटरच्याच 1992 च्या 'इमेजेस अँड वर्ड्स' अल्बमपासून सगळ्यांच्याच वापरातली; तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नये.

आपल्याकडं रूपक तालातला, म्हणजे सात मात्रांतला, अभंग ऐकलेल्या कानाला सात मोजणं जड नाही. सात कशासाठी, हे बघायचं. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल, तोंडानं म्हणा, मग शेवटी एक मात्रा वाढवून सातचे आठ करा. काहीच बिघडलं नाही, तर ते सात वरून चिकटवलेले. चाल लंगडली, तर ती सातातच सुचलेली.

मेशुगा या स्वीडिश मेटल बँडच्या पद्धतीची उसनवारी फार होते, म्हणून तिचा हिशेब समजून घ्या. ड्रमची झांज सरळ चार मात्रांत चालते. गिटार आणि किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), समजा, 23 सोळांशांचा तुकडा फिरवतात; सोळांश म्हणजे पाव मात्रा. चार मात्रांचा एक बार, म्हणजे आठ बारांत सोळांश 128. तुकडा पाचदा पूर्ण झाला की 115, उरलेल्या 13 वर तो तोडायचा आणि सगळ्यांनी समेवर यायचं. गंमत त्या ओढाताणीत आहे. कच्ची नक्कल झांजेलाही तुकड्यामागं पळवते, मग ताणायला काही उरतच नाही.

आवाजाच्या पोतावरून मात्र निकाल देऊ नका. गिटारच्या अँप्लिफायरची नक्कल करणारी तीच सॉफ्टवेअरं, ड्रमचे तेच तयार रेकॉर्ड केलेले आवाज असले की दहा बँड सारखे वाटणारच. आणि मोबाईलच्या स्पीकरवर तर नकोच: सात तारांच्या गिटारची सगळ्यांत खालच्या सुराची तार, बी, सुमारे 62 हर्ट्झची, बास त्याच्याही खाली. बासवाल्यानं केलेलं स्वतंत्र काम तिथं ऐकूच येत नाही.

खरं नावीन्य मला गाण्याच्या दोन भागांमधल्या सांध्यात दिसतं. जड भागातून मऊ भागात जाताना सगळं थांबवून रिव्हर्बमधली, म्हणजे घुमणाऱ्या आवाजातली, एकटी गिटार सोडणं, हा सोपा मार्ग. आधीच्या रिफमधला एखादा सूर किंवा ठेका पुढं टिकतो, नव्या कॉर्डवर त्याचा अर्थ बदलतो, तिथं कुणीतरी विचार केलाय. दुसऱ्यांदा ऐकताना असे सांधे मिनिट-सेकंदासकट टिपा. अल्बममध्ये दोनच सापडले तरी शेऱ्यात गाण्याचं नाव आणि वेळ लिहा, म्हणजे पुढचा माणूस थेट तिथं जाऊन ऐकेल.