विंडोज ९८ नव्या मशीनवर ‘उडत’ का चालत नाही

फिरणारा मजकूर असा: ‘आजचा कॉम्प्युटर शेकडो पटींनी दमदार आहे. विंडोज ९८ पेनड्राइव्हवरून टाका, उडत चालेल. जुन्याला व्हायरसही लागत नाही. नाहीच जमलं तर व्हर्च्युअलबॉक्स आहेच.’

दमदार आहे हे खरं, पण घोडं तिथेच अडतं. ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम दिसली की विंडोज ९८चा डिस्क कॅश (डिस्कवरचा डेटा रॅममध्ये धरून ठेवणारा भाग) इतके मेमरी-पत्ते अडवून बसतो की इतरांना उरत नाहीत. मग रॅम रिकामी पडलेली असताना ‘मेमरी अपुरी’ असा संदेश येतो. त्यासाठी सिस्टिम.आयएनआय (system.ini) या सेटिंग-फाइलमध्ये व्हीकॅश ([vcache]) विभागाखाली मॅक्सफाइलकॅश (MaxFileCache) ५२४२८८ केबीच्या आत ठेवावं लागतं. १ जीबीच्या वर तेवढ्याने भागत नाही; त्याच फाइलच्या ३८६एन्ह ([386Enh]) विभागात मॅक्सफिजपेज=४०००० (MaxPhysPage=40000) लिहून रॅमच १ जीबीवर बांधायची (आकडा हेक्स म्हणजे १६च्या पायावरचा, ४ केबीच्या पानांचा). वेगाचंही तेच. विंडोज ९५ तर ३५० मेगाहर्ट्झच्या एएमडी के६-२वरच कोसळायचं: वेळ मोजणारं लूप इतक्या लवकर संपायचं की उत्तर शून्य यायचं आणि पुढे शून्याने भागाकार!

पेनड्राइव्हचा सल्ला डॉसपर्यंतच (विंडोज ९८च्या आधी उठणाऱ्या जुन्या प्रणालीपर्यंतच) पोचतो. तोवर डिस्क बायॉस, म्हणजे बोर्डावरचा मूळ प्रोग्राम, सांभाळतो. विंडोज स्वतःचे ड्रायव्हर चढवू लागलं की यूएसबी डिस्कसाठी त्याच्याकडे काहीच नसतं. एएचसीआय आणि एनव्हीएमई या आजच्या डिस्क जोडण्याच्या पद्धती त्याला ठाऊक नाहीत. नुसतं यूईएफआय (बायॉसची नवी जागा घेणारा प्रोग्राम) असलेल्या बोर्डावर तर डॉसही उठत नाही. १३७ जीबीपेक्षा मोठी डिस्क मूळ ड्रायव्हरच्या हाती दिली, तर डेटावर पाणी सोडायची तयारी ठेवा.

व्हायरसचं थोडक्यात: सुरक्षा-दुरुस्त्या जुलै २००६मध्ये थांबल्या. नेटला जोडू नका.

व्हर्च्युअलबॉक्सचा (कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सल्ला निम्मा बरोबर. ९८साठी त्यात गेस्ट ॲडिशन्स (आतल्या विंडोजसाठीचे खास ड्रायव्हर) नाहीत, म्हणून स्क्रीन ६४०×४८० आणि १६ रंगांवर अडकते. वर, एएमडीच्या झेन २ आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या रायझेन प्रोसेसरवर सेटअपच मध्ये कोसळतं, कारण मेमरी-पत्त्यांची जुनी नोंद पुसण्यात विंडोजचीच एक चूक आहे, जी जुन्या प्रोसेसरवर कधी उघडी पडली नाही. ती ‘पॅचर९एक्स’ (patcher9x) या प्रोग्रामने दुरुस्त होते. आमची पसंती मात्र ८६बॉक्सला, म्हणजे जुन्या पीसीच्या हार्डवेअरची हुबेहूब नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला. पेंटियम एमएमएक्स २३३, १२८ एमबी रॅम, एस३ व्हर्ज ग्राफिक्स कार्ड, साउंड ब्लास्टर १६ साउंड कार्ड आणि ८ जीबीची डिस्क निवडा. डिस्कचे भाग पाडणाऱ्या एफडिस्कमध्ये मोठ्या डिस्कच्या प्रश्नाला ‘वाय’, मग फॉरमॅट, आणि सीडीवरचा विन९८ फोल्डर सी ड्राइव्हवर उतरवून तिथूनच सेटअप. म्हणजे पुढे प्रत्येक ड्रायव्हरसाठी सीडी मागणार नाही. फाइली आत न्यायला आयएसओ बनवून सीडी म्हणून जोडा.

अडतं ते पॅरलल पोर्टच्या (जुन्या प्रिंटर-पोर्टच्या) डाँगलवर, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली असलेल्या खटक्यावर, चालणाऱ्या जुन्या मराठी डीटीपीपाशी. यूएसबी-प्रिंटर केबल त्याला चालत नाही: डाँगल थेट पोर्टच्या पत्त्यावर बोलतो, केबल फक्त प्रिंटरची भाषा जाणते. त्यासाठी बोर्डावरच पॅरलल पोर्ट असलेलं जुनं मशीन जपून ठेवा.