एक, दोन, तीन की एक, एक, एक?

प्रिंट काढायला गेलं की पडद्यावर जी खिडकी उघडते, तिच्यात माणसं दोनच गोष्टी बघतात: प्रती किती आणि ‘प्रिंट’चं बटण कुठे. या दोन्हींच्या मधे ‘कोलेट’ नावाची एक बारीक चौकट गपचूप बसलेली असते. बऱ्याचदा शेजारी चित्रही असतं, कागदांच्या छोट्या चळती आणि त्यांवर १, २, ३ असे आकडे. बालवाडीतल्या पोराला कळेल इतकं ते सोपं आहे. पण आपण पडलो मोठी माणसं. चित्रं बघून काम करणं आपल्या हुद्द्याला शोभत नाही.

समजा, वीस पानांचा अहवाल आहे आणि प्रती हव्यात बारा. चौकटीत टिक असेल तर यंत्र पहिल्यापासून विसाव्या पानापर्यंत एक अख्खी प्रत काढतं, मग दुसरी, मग तिसरी. आपण नुसतं स्टेपलर घेऊन उभं राहायचं. टिक नसेल तर आधी पहिल्या पानाचे बारा कागद, मग दुसऱ्याचे बारा, असं विसाव्यापर्यंत. कागद दोन्हीकडे २४०च, शाईही तेवढीच. फरक इतकाच की एका प्रकारात पानं यंत्र लावतं आणि दुसऱ्यात मी.

मीच का, तर “तुमचा हात बसलाय ना!” म्हणून. हा हात कुणी बसवला, कधी बसवला, हे मला विचारू नका. टिक काढणारा एक असतो, प्रिंट सोडणारा दुसरा, आणि तो ऊबदार गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून “जरा बघता का?” म्हणणारा तिसरा. चौथा मी.

मग मोठ्या टेबलावर वीस चळती मांडायच्या आणि एकेक कागद उचलत टेबलाला प्रदक्षिणा घालायची. पत्ते पिसण्याच्या बरोबर उलटं हे काम, आणि त्यात डाव कधी सुरूच होत नाही. नवे कागद एकमेकांना असे चिकटलेले असतात की दोन आले की एक, हे बोटांना समजत नाही. ते समजतं अगदी शेवटी, बाराव्या प्रतीला चौदावं पान मिळत नाही तेव्हा. म्हणजे आधीच्या अकरांपैकी कुणाच्या तरी पोटात दोन चौदावी पानं आहेत. आणि अकराही प्रतींना पिना मारून झालेल्या असतात. बरं, पंखा बंद करा म्हटलं तर “दोनच मिनिटांचं तर काम आहे” असं उत्तर येतं. ते दोन मिनिटांचं काम असतं ते सांगणाऱ्यासाठी.

पुस्तकं बांधणाऱ्यांना हे दुखणं फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फर्मा म्हणजे एक मोठा छापील कागद घड्या घालून केलेला पानांचा जुडगा; ते प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक छोटी काळी खूण छापतात, दर फर्म्याला जरा खाली सरकवलेली. सगळे फर्मे क्रमाने लागले की पुस्तकाच्या पाठीवर तिरपा जिना दिसतो. पायरी गाळली गेली की फर्मा गहाळ. जुन्या कॉपी मशीनांना तर बाजूला खणांची शिडीच जोडलेली असे आणि प्रत्येक प्रतीचा कागद आपापल्या खणात जाऊन पडे. आता ते सगळं यंत्राच्या मेमरीत होतं. फक्त टिक हवी.

टिक नेहमी हवीच असं मात्र नाही, हेही सांगायला हवं. वर्गात आधी पहिला कागद वाटायचा, तो सोडवून झाला की दुसरा, अशा वेळी एकाच पानाचे गठ्ठे सोयीचे पडतात. शिवाय मेमरी कमी असलेल्या प्रिंटरला एक पान एकदा समजून घेऊन बारा वेळा छापणं सोपं जातं. अख्ख्या प्रती मागितल्या की तीच पानं त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात आणि तो दर प्रतीपाशी विचारात पडतो.

खरा घोळ पुढेच आहे. प्रतींचा आकडा कधी कधी दोन ठिकाणी असतो: एक आपण ज्यात लिहितो त्या प्रोग्रॅममध्ये, दुसरा प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. दोन्हीकडे तीन लिहिलं तर नशीब चांगलं असेल तेव्हा तीन प्रती येतात, नाहीतर गुणाकार होऊन नऊ. वीस पानांचे नऊ संच, म्हणजे १८० कागद. मधेच ‘रद्द’ दाबलं तरी यंत्र घेतलेलं थोडंफार छापूनच थांबतं.

आणि पाठपोट छपाईत पानं विषम असली तर विचारूच नका. एकवीस पानांच्या अहवालात शेवटच्या कागदाची पाठ कोरी राहायला हवी. पण सगळ्या प्रती एका सलग माळेसारख्या गेल्या, तर त्या पाठीवर पुढच्या प्रतीचं पहिलं पान येऊन बसतं. म्हणजे साहेबांच्या अहवालाचा समारोप आणि मोठ्या साहेबांच्या अहवालाचं मुखपृष्ठ एकाच कागदावर. आता हा कागद कुणाला द्यायचा? उपाय सोपा आहे, शेवटी एक कोरं पान जोडायचं. तो मी सांगितला, तेव्हा “कोरं पान कशाला, कागद वाया जातो” असं ऐकून घेतलं.

या सगळ्याला कंटाळून शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी परवा जाहीर केलं, “मी आता एकच प्रत काढणार आणि बाकीच्या कॉपी मशीनवर. तिथे नाही ना ती चौकट!” मोठ्या उत्साहात त्या गेल्या. पाचच मिनिटांत कॉपी मशीनपासून हाक आली, “अहो, हे विचारतंय, सॉर्ट की ग्रुप?”