श्रावणातलं मटण

महिन्याची 24 तारीख उलटली की आमच्या घरातलं वरण आपोआप पातळ व्हायला लागतं. दूध, भाजी, किराणा सगळं धरून 12 हजारात चार माणसं जगवायची असतात हो. नुसती जगवायची होती तोवर जमत होतं, आता हेल्दी जगवायचीयत.

सुरुवात ह्यांच्यापासून झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1 आली, डॉक्टर म्हणाले काठावर आहात, भात कमी करा. त्याच आठवड्यात चिरंजीवांनी जिम लावली आणि जेवताना जाहीर केलं, आई मला रोज 100 ग्रॅम प्रोटीन लागणारे. जसं काही मी ते डाळीच्या डब्यामागे लपवून ठेवलंय! आणि सासूबाईंची कवळी नवी, त्यांना गुरगुट्या भाताशिवाय दुसरं काही नको. मी काय खाते हे कोणी विचारलं नाही. मी उरलेलं खाते, ते डाएट लग्नापासून चालू आहे.

रात्री कागद-पेन घेऊन बसले. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, म्हणजे 17 अंडी. रोज! सात रुपयाला एक धरलं तरी महिन्याचे साडेतीन हजार फक्त ह्याच्या दंडांना. त्यापेक्षा कोंबड्या पाळल्या असत्या, पण आमच्या सोसायटीत कबुतरांवरूनच मीटिंगा होतात.

मग ह्यांच्यासाठी ज्वारी बघायला गेले. माझी आजी सांगायची, भाकरी रोजची आणि गव्हाची पोळी सणाला. आता दुकानात ज्वारीचा भाव ऐकला आणि शेजारच्या पोत्यातला गहू मला एकदम गरीब नातेवाईक वाटायला लागला. नाचणीचं तर बोलूच नका, 2023 साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं तेव्हापासून बाई चकचकीत पाकिटात जाऊन बसलीय आणि मिलेट म्हटल्याशिवाय ओ देत नाही.

फुकटातलं एकच सापडलं, बिल्डिंगमागचा शेवगा. पाल्याची भाजी केली, पाला घालून थालीपीठ केलं, मग आमटीत ढकलला. चौथ्या दिवशी ह्यांनी ताटात वाकून बघितलं आणि विचारलं, "आज पण झाडच आहे का?"

शेवटी सापडल्या सोयाबीनच्या वड्या. 100 ग्रॅम कोरड्या वड्यांत जवळपास 52 ग्रॅम प्रोटीन, आणि पाकीट घेताना छातीत धडधडत नाही. फक्त त्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायच्या, नाहीतर ओला स्पंज चावल्यासारखं लागतं (पहिल्यांदा तसंच लागलं, चिरंजीव काही न बोलता बाहेर जाऊन वडापाव खाऊन आले). म्हणून दुसऱ्यांदा मी पण इरेला पेटले. कांदा-खोबरं काळपट भाजलं, आलं-लसूण, लवंग, दगडफूल, वर कोथिंबीर, रस्सा असा लालभडक की तर्री कडेला जमा झालेली. नेमका श्रावणी सोमवार. आम्ही कांदा-लसूण खातो, मटण-मासे तेवढे महिनाभर बंद.

सासूबाई उपास सोडायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं, सोमवारचं? मटण?"

मी पाकीट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पुढचं-मागचं सगळं वाचलं, एक्सपायरीसुद्धा. ह्यांनी तोवर दोन भाकऱ्या संपवल्या होत्या आणि चिरंजीव वड्या मोजून मोबाईलवर हिशोब करत होते. सासूबाईंनी देवाकडे एकदा बघितलं, भातावर चमचाभर रस्सा घेतला, मग वाटीभर, मग वड्या. कवळीने सावकाश, मन लावून चावत राहिल्या. जेवण झाल्यावर हात धुताना हळूच म्हणाल्या,

"बरं झालंय गं. पण पुढच्या वेळी जरा कोवळं बघून आण."