रविवारची उपासना सम्राटाने दिलेली नाही

परवा नगरहून मावशीचा फोन आला. दोन रविवार ती चर्चला गेली नव्हती. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. तर म्हणाली, "बाळा, तुझे काका जन्मभर रविवारीच उपासनेला गेले गं. त्यांच्यावर श्वापदाची खूण बसली असेल का?" ही खूण म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, देवाच्या शत्रूच्या माणसांवरचं चिन्ह.

काकांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या मागे बसून गीतं म्हणणाऱ्या बाईला हा प्रश्न पडावा, याचा मला संताप आला आहे.

तिला आलेला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगावच्या मंडळ्यांत फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पहिले ख्रिस्ती लोक शनिवारचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळत. इ.स. ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइन सम्राट आणि पोप यांनी तो रविवारवर नेला. रविवार हा सूर्यपूजेचा वार. म्हणून रविवारी उपासना करणाऱ्या प्रत्येकावर श्वापदाची खूण आहे आणि तो नरकात जाणार. पुढे कॅलेंडर बदलून वारही फिरवले. भारतात रविवारची सुट्टी चर्चने लादली. आणि शेवटी, दहा जणांना पाठवा.

कॉन्स्टंटाइनचा हुकूम खरा आहे, हे आधी मान्य करते. तारीख ७ मार्च ३२१. न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांनी 'सूर्याच्या पूज्य दिवशी' काम थांबवावं. शेतकऱ्यांना मात्र पेरणीचा वा द्राक्षवेल लावायचा हंगाम चुकू नये म्हणून मोकळीक. त्यात ख्रिस्ताचं नाव नाही, उपासनेचा उल्लेख नाही आणि पोप तर कुठेच नाही. त्याच वर्षी जुलैत आणखी एक आदेश निघाला, की रविवारी इतर कामकाज बंद असलं तरी गुलामाला मुक्त करता येईल. तेव्हा रविवारची सरकारी सुट्टी त्या सम्राटाची, एवढं खरं. त्याआधी ख्रिस्ती लोक रविवारी जमत आणि बहुतेक जण आपापल्या कामालाही जात.

पण जमत होतेच. हा मजकूर लिहिणाऱ्याने जस्टिन मार्टरचं एक पान जरी वाचलं असतं तरी पुरे होतं. जस्टिन रोममध्ये शिकवणारा ख्रिस्ती. पुढे विश्वासापायी त्याला मारण्यात आलं. इ.स. १५० च्या सुमारास त्याने सम्राट अँटोनायनस पायस याच्याकडे ख्रिस्ती लोकांच्या बाजूने एक निवेदन लिहिलं. त्याच्या ६७ व्या प्रकरणात आपल्या मंडळीचा रविवार आहे. शहरातले आणि खेड्यांतले सगळे एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचले जातात. मग प्रमुख बोध करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक तो घेऊन जातात. ज्याला जमेल तो दान देतो आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परके अशांना मदत होते. हा वार का? तर देवाने सृष्टीची सुरुवात केली तो पहिला दिवस आणि येशू मेलेल्यांतून उठला तोही हाच दिवस, असं जस्टिन स्वतः सांगतो. हे कॉन्स्टंटाइनच्या १७० वर्षं आधीचं आहे. प्रेषितांची कृत्ये २०:७ उघडा, तिथेही आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला शिष्य जमलेलेच दिसतील.

सूर्यपूजेचं म्हणाल, तर जस्टिननेही 'सूर्याचा दिवस' असंच लिहिलं आहे, कारण वाचणाऱ्या रोमी माणसाला तेच नाव ठाऊक होतं. आपण रविवार म्हणतो, आजी आइतवार म्हणायची. दोन्ही सूर्याचीच नावं. वाराच्या नावावरून देव ठरत असेल तर शनिवार कोणाचा? नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे मी सांगायला नको.

आता श्वापदाची खूण. सगळ्यात जास्त इजा या मुद्द्याने केली आहे. बायबलच्या त्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, तेरावा अध्याय मी मावशीला फोनवर पूर्ण वाचून दाखवला. खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर, तिच्यावाचून कोणाला विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, आणि श्वापदाची पूजा. रविवारचा एक शब्दही तिथे नाही. ज्या सेव्हंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या शिकवणीतून हा धागा उचललाय, तीसुद्धा असं म्हणत नाहीत. आज रविवारी उपासना करणाऱ्यावर ही खूण बसलेली आहे, असं त्यांची शिकवण सांगत नाही. ती गोष्ट त्यांच्या मते पुढच्या काळातली, सक्तीचा कायदा येईल तेव्हाची. पुण्यात औंधला त्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे. ती मंडळी शनिवार मनापासून पाळतात, आणि मला त्याचा आदर आहे. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, लोकांनी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. शब्बाथ पाळणं म्हणतात ते असं. दुसऱ्याच्या मेलेल्या नवऱ्याला नरकात घालणं म्हणजे शब्बाथ पाळणं नव्हे. प्रेषित पौलाने कलस्सै इथल्या मंडळीला स्पष्ट लिहिलंय की सण किंवा शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये.

आपलीही एक चूक कबूल करते. संडे स्कूलमध्ये आम्हाला शब्बाथ पवित्र पाळण्याची चौथी आज्ञा शिकवताना 'रविवार म्हणजेच शब्बाथ' असं सरळ सांगून टाकलं. ते दोन वेगळे दिवस आहेत. नीट शिकवलं असतं तर मावशी इतकी हादरली नसती.

कॅलेंडरचा मुद्दा: १५८२ मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. तारखा गळल्या, वारांचा क्रम तसाच राहिला. सुट्टीचा मुद्दा तर महाराष्ट्रात कोणी लिहूच नये. १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, ती नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगार १८८४ पासून झगडले म्हणून. लोखंडे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. चर्चचा त्यात काय संबंध?

मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते घरी भाकर घेऊन जायचे म्हणालीस, ते खरंच लिहिलंय?" लिहिलंय, मावशी. शनिवारी रात्रीच्या गाडीने मी येते आहे. रविवारी नऊला रिक्षा दारात असेल, आणि गुडघे फारच दुखत असतील तर पाळकांना घरी यायला सांगू.