प्लग ओला झाला होता, साहेब

मागच्या दसऱ्याला मी नवीन गाडी घेतली. नवीन म्हणजे तीच आपली, स्प्लेंडर. शोरूममधला मुलगा बिचारा तासभर बाकीच्या गाड्या दाखवत होता आणि मी आपला कोपऱ्यातल्या काळ्या स्प्लेंडरकडे बघत होतो. शेवटी तो म्हणाला, काका, तुमचं ठरलेलंच होतं तर आधी सांगायचं ना.

जुनी २००५ ची. टाकीवर हिरो होंडा लिहिलेली, म्हणजे त्या दोघांची वाटणी व्हायच्या आधीची. २०२० ला १५ वर्षं भरली तेव्हा परत पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली, ती पण बघता बघता संपली. त्यात २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला आणि २ ऑक्टोबरला दसरा, म्हणजे बायकोला दोन्हीकडून मुद्दा मिळाला. मी म्हटलं जुनीला काय धाड भरलेय? ती काही बोलली नाही, फक्त जाऊन सायलेन्सरवर बोट ठेवलं. बोट आत गेलं. खाऱ्या हवेत वीस वर्षं काढल्यावर माणसाचं पण असंच होतं असं मी म्हणणार होतो, पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून तिला ते आधीच सुचलेलं दिसलं.

इंजिन तेच, ९७.२ सीसी. म्हटलं बदललं बदललं ते काय, स्टिकर आणि मीटर, आपल्याला काय फरक पडतो. पडला. ती जुनी गाडी मला नुसती ऑफिसला नेत नव्हती, तर रोजची कारणंपण पुरवत होती, हे मला ती गेल्यावर कळलं.

माझं घर गोळपच्या पुढे पावसकडे आणि ऑफिस रत्नागिरीत. जून ते सप्टेंबर माझे सगळे लेट मार्क प्लगच्या नावावर जायचे. प्लग ओला झाला होता साहेब, एवढंच बोलायचं. आमचे साहेब घाटावरचे, त्यांना इथल्या पावसाबद्दल काहीही सांगितलं तरी पटतं. आणि दहातल्या चार वेळा ते खरंपण असायचं हो, रेनकोट घालून रस्त्याच्या कडेला बसायचं, पान्याने प्लग काढायचा, पॉलिशपेपर मारायचा, फुंकर घालायची, परत लावून किका मारायच्या, तोवर रेनकोटच्या आत घामाने बाहेरच्यापेक्षा जास्त भिजलेलं असायचं. आता १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स, म्हणजे धुराचा नवा नियम, त्यात कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं आणि चोकपण गेला. परवा अवकाळी पडला तेव्हा गाडी रात्रभर अंगणात भिजत होती (मी मुद्दाम झाकली नाही असं बायकोचं म्हणणं आहे), सकाळी सेल्फला अंगठा लावला तर एका दणक्यात चालू. साडेनऊला ऑफिसात हजर, शिपाई अजून कुलूप काढत होता. त्याने मला विचारलं, घरी सगळं बरं आहे ना?

पेट्रोलचा कॉकपण नाही. डावा हात अजून टाकीखाली जातो आणि नसलेला कॉक चाचपून परत येतो. कॉक गेला तसं रिझर्व्हपण गेलं. पूर्वी कोणी जरा स्टॉपपर्यंत गाडी दे म्हटलं की मी चेहरा पाडून सांगायचो, रिझर्व्हला आलेय रे. आता मीटरवर सगळ्या गावाला काड्या दिसतात. त्याच मीटरला मुलाने ब्लूटूथने माझा फोन जोडून दिला, कॉल आला की तिथे दिसतो, आणि जोडताना बायको बाजूला उभी होती. म्हणजे गाडीवर होतो, ऐकू नाही आला, हे पण गेलं.

आईचं वेगळंच. जुनीचा आवाज वळणावर आला की ती चहा ठेवायची, मी पाय धुवून येईपर्यंत कप हातात. नवीन एवढी गपचूप येते की मी माजघरात जाऊन उभा राहिलो की ती दचकते. जुनी आमच्या मेकॅनिकने घेतली, त्याने तिचं परत पासिंग करून घेतलं, सायलेन्सरही बदलला म्हणे पण आवाज तोच, आणि तो रोज सहाला वळणावरून जातो. आई चहा ठेवते. मी साडेसहाला येतो आणि गार चहा पितो.

पण खरं नुकसान अण्णांच्या बाबतीत झालं.

अण्णा आमच्या वळणावर गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसलेले असतात. त्यांच्यासमोर न थांबता जायची आमच्याकडे रीत नाही, आणि थांबलं की हापूस निघतो. मोहोर, मग थ्रिप्सची कीड, मग वानर, मग वाशीचा दलाल, ह्या क्रमाने. जुनी असताना मी न्यूट्रल टाकून गाडी चालूच ठेवायचो. ती बुडाखाली थडथडत असायची, अधूनमधून मरायला लागली की मी रेस द्यायचो, ह्या सगळ्याचा अर्थ अण्णांना बरोबर कळायचा आणि ते दोन मिनिटात, बरं जा, तुझी गाडी तापतेय, म्हणायचे. तोंडाने काही बोलायलाच लागायचं नाही.

नवीन गाडीत सोय आहे. न्यूट्रलला टाकून क्लच सोडला की काही सेकंदात इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की परत चालू. सिग्नलला पेट्रोल वाचावं म्हणून. आमच्या रस्त्याला सिग्नल म्हणजे आडवी उभी असलेली म्हैस, पण असो. पहिल्याच दिवशी अण्णांसमोर थांबलो, नेहमीसारखं न्यूट्रल, अण्णा म्हणाले काय रे निघालास, मी हो म्हणेपर्यंत गाडी बंद.

अण्णांचा चेहरा उजळला. वीस वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी गाडी बंद केली होती. सरकून त्यांनी गडग्यावर जागा केली. मी घाईघाईने क्लच दाबला, चालू झाली, सोडला, परत बंद. असं तीनदा झाल्यावर अण्णा म्हणाले, नवीन गाडी आणि असली कशी दिली तुला, बस जरा, निवू दे तिला. त्या दिवशी वाशीच्या दलालाच्याही पुढे, थेट जमिनीच्या मोजणीपर्यंत गेलो. ऑफिसला पावणेअकरा. साहेबांना काय सांगू, गाडी चांगली आहे म्हणून उशीर झाला?

दोन महिन्यांनी मुलाने दाखवलं की ते बंद करायला हँडलवर बटण आहे. दोन महिने माझा अंगठा त्याच्या शेजारीच होता. दुसऱ्या दिवशी बटण बंद करून अण्णांसमोर दिमाखात थांबलो. गाडी चालू. पण आवाज असा की गडग्यावरच्या किरकिऱ्याने तिच्यावर मात करावी. थडथड नाही, धूर नाही. अण्णांना वाटलं बंदच आहे, त्यांनी मोहोरापासून सुरू केलं. मी रेस दिली. अण्णांनी पहिल्यांदा गाडीकडे नीट बघितलं.

"अरे, लाईट चालू राहिलाय तुझा."

"अण्णा, तो चालूच असतो. २०१७ पासून नियम आहे, इंजिन चालू असलं की..."

"दिवसाढवळ्या? बॅटरी उतरेल, मग बसशील ढकलत. घाई असली की असंच होतं तुम्हा पोरांचं."

आणि हात लांब करून त्यांनी चावी फिरवली, काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि घराकडे तोंड करून ओरडले, "अगो, दोन कप टाक."