ट्यूबवाले सल्लागार

नवा बेस गिटार घेतला म्हटलं की सांगणारे तयारच! "काचेच्या ट्यूबवर आवाज वाढवणारा ट्यूब अँपच घे, बाकी सगळा भंगार आवाज." ट्यूबचा आवाज भरदार असते, मान्य. पण १९६९ चा अँपेग एसव्हीटी ३०० वॅटचा, नुसतं हेड, म्हणजे स्पीकर सोडून अँपचा डबा, उचलाले दोघं लागतात! पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर आज हे गाव, उद्या ते, रात्रभर नाटक, लाईन गेली की जनरेटर. व्होल्टेज पडलं की ट्यूबचं फिलामेंट पुरतं तापतच नाही, आवाज बसते. ट्यूब गेली तर अर्ध्या रात्री गडचिरोलीकडच्या वडशात कोण देईन? बेसच्या जाड ई तारेचे ४१ हर्ट्झ शेवटच्या चटईपर्यंत पोचाले मोठा स्पीकर पाहिजे, तो कोणी सांगत नाही. माह्या हलक्या, बिनट्यूबच्या क्लास-डी अँपला नावं कायले ठेवता?