कुंकू कपाळावर लावा, फाउंडेशनमध्ये नको

“सावळ्या मुलींनो, महागडी शेड घेऊ नका! कुठल्याही गोऱ्या शेडच्या फाउंडेशनमध्ये थोडं काजळ, हळद आणि चिमूटभर कुंकू घाला. कुंकू नसेल तर शेंदूर चालेल. रंग मनगटावर बघा. दोन शेड उजळच लावा.”

हा मेसेज मी वाचून सोडून दिला. नणंदेनं नाही सोडला. मिरजेला मैत्रिणीच्या साखरपुड्याला निघताना तिनं स्टीलच्या वाटीत हा काला केला आणि तिथूनच मला फोटो पाठवला, “वहिनी, तोंडाला राख फासल्यासारखं का दिसतंय?” मी सांगलीत नवऱ्या सजवते, घरातच पार्लर आहे. तरी मला विचारलं नाही, तो राग वेगळा.

राखच दिसणार. गोऱ्या शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरा रंग, भरपूर असतो. पांढऱ्यात काळं घातलं की करडं होतं, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. फाउंडेशनचा सावळा रंग पिवळ्या, लाल आणि काळ्या आयर्न ऑक्साइडच्या मेळातून येतो. नुसतं काजळ ओतून तो येत नाही.

पण माझं डोकं फिरलं ते शेंदरावर. अहो, पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग! मारुतीला लावायची वस्तू ती. फाउंडेशन ओठांच्या कडेपर्यंत जातं, त्याच हातानं आपण पेढा खातो. आपल्या देशाच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला सरळ बंदी आहे. कारखानदाराला जे करता येत नाही, ते हा मेसेज पोरींना स्वयंपाकघरात करायला सांगतोय. कुंकवाचं म्हणाल तर बाजारातलं बरंचसं कृत्रिम रंगाचं असतं. नुसत्या कपाळावरच्या कुंकवानं खाज सुटून काळा डाग पडलेल्या बायका माझ्याकडे येतात, आणि हे म्हणे गालभर लावा.

मनगटाचं काय सांगू? शेड जबड्याच्या कडेला लावायची, दारात उजेडात उभं राहून बघायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कारण बरीच फाउंडेशनं हवा लागली की गडद होतात. आणि दोन शेड उजळ लावलं की चेहरा एकीचा, मान दुसरीची.

एक गोष्ट मात्र खरी, नाइलाजानं कबूल करते. एकाच बाटलीत नेमका रंग बऱ्याचदा मिळत नाही, सावळ्या शेड दुकानदार ठेवतच नाहीत. मीसुद्धा मिसळते. पण एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या दोन शेड, थेंब-थेंब करून, आणि फार उजळ वाटलं तर आणखी गडद शेडचा थेंब.

राहिली हळद. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय मानांकन, म्हणजे ‘ही याच भागाची’ अशी सरकारी ओळख मिळाली, ती फाउंडेशनसाठी नव्हे. हळद मिसळत नाही, डाग पाडते. नणंदेच्या मोतिया साडीच्या काठाला ती लागलीच. मी फोनवर ओरडले, “साबण लावू नकोस, लाल होईल!” पलीकडून बारीक आवाज आला, “झाली, वहिनी.”